चित्रातल्या पक्ष्याला दिलेला शब्द

मंडळी, आज इथे आखातात, खैरानच्या एका बंगल्यात जपानी चित्रकाराचं मोठं चित्र लावायचं होतं. मी आणि आमचा सावंतवाडीकडचा सुतार रमाकांत, असे दोघंच गेलो होतो. चित्रातली फुलं म्हणजे नुसते फिकट गुलाबी डाग, आणि पक्षी म्हणजे काळ्या शाईचे दोन फटकारे.

आज रमाकांतच्या आईचा दहावा. रजा मिळाली नाही म्हणून तो इथेच.

चित्र भिंतीला लागलं आणि गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, तास झालो, कावळो पिंडाक शिवणा नाय. तूच काय ता सांग."

रमाकांतने फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. चित्रातल्या त्या काळ्या पक्ष्याला हात जोडून म्हणाला, "आये, ह्या वर्षी मी कायमचो घराक येतंय."

पलीकडून कावकाव ऐकू आली. मग भाऊ रडतच म्हणाला, "शिवलो."

रमाकांतने डोळे पुसले आणि चित्र सरळ आहे ना ते पुन्हा तपासलं.

गेल्याच महिन्यात त्याने इथलं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढवलंय. फॉर्म मीच भरून दिला होता. सांगा, उद्या त्याच्याशी काय बोलू?