सैतानाचं दार

एड्रियन स्प्रेकचं नाव काढलं की आमच्या गावात अजूनही लोकांना आधी तो सिनेमा आठवतो. हा पाच वर्षांचा असताना लंडनचे सिनेमावाले आले आणि सैतानाच्या पोराचं काम त्याला देऊन गेले. सिनेमात तो कुणाला बोटही लावत नाही. चर्चच्या दारात उभा राहतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांकडे सावकाश बघतो, एवढंच. तेवढ्यावर शेजारच्या गिल्डफर्ड शहरातल्या थिएटरातून धडधाकट माणसं उठून बाहेर आली होती. त्यात माझा नवराही होता, पण त्याचं म्हणणं, त्याला बस गाठायची होती.

पुढे एड्रियनला दुसरं काम मिळालं नाही. त्यानं बापाचं भाजीचं दुकान चालवलं, डोळ्यांवरचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड होऊ दिला, आणि शाळा भरता-सुटताना गोल पाटीची काठी धरून रस्त्यात उभा राहून मुलांना पलीकडे सोडू लागला. मुलं त्याच्या कोटाला लोंबकळत. त्यांच्या आज्या मात्र बाबागाडी थोडी पलीकडूनच नेत.

पबमध्ये तर ठरलेलंच. "आला रे सैतान, आधी त्याला द्या, नाहीतर शाप देईल," असं कुणीतरी म्हणायचं. एड्रियन शांतपणे सांगायचा, "शाप फुकट आहे. बिअर तुझ्या पैशानं." लोक हसायचे, तोही हसायचा. पण लग्न जमलं नाही, आणि पन्नाशी आली तरी कुणी त्याला बाप्तिस्म्यात आपल्या बाळाची हमी घेणारा धर्मपिता केलं नाही. आमच्याकडे कायम झिंगलेल्या प्लंबरलासुद्धा चार धर्मलेकरं आहेत. याचं त्याला किती लागत होतं हे मला ठाऊक होतं, कारण दर बाप्तिस्म्याला चर्चमध्ये फुलं मी लावते आणि ती तो फुकट आणून देतो.

मग त्याच्या बहिणीची मुलगी टॅमझिन बाळंत झाली आणि तिनं बाळाच्या, विल्फ्रेडच्या, धर्मपित्याचा मान मामाला दिला. एड्रियननं नवा सूट शिवून घेतला. पण टॅमझिनची सासू पॉलीन बिथरली. बाई वाईट नाही, पण तोंडाला कुलूप नाही. दुकानात चारचौघांत म्हणाली, "उत्तरेचं दार उघडं ठेवायला सांगा. पाणी पडल्यावर सैतान बाहेर जातो म्हणतात. या वेळी त्याला सूटबूट घालून चालत जाता येईल."

ते बुटकं दार आमच्या चर्चच्या उत्तरेच्या भिंतीत आहे. बाप्तिस्म्याला ते उघडायचं, डोक्यावर पाणी पडलं की बाळ रडतं, आणि सैतान त्या दारानं निघून जातो, अशी जुनी समजूत. बाळ रडलं नाही तर म्हाताऱ्या नाकं मुरडतात.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी एड्रियन चर्चमध्ये फुलं द्यायला आला तो टोमॅटोच्या पेटीवर बसूनच राहिला. म्हणाला, "मी नको म्हणून सांगतो टॅमझिनला. पोराच्या फोटोत आयुष्यभर माझा चेहरा नको." मला पॉलीनपेक्षा त्याचाच राग आला. मी म्हटलं, "सूट परत घेणार नाहीत. गप ये."

आला. उत्तरेचं दार उघडं ठेवलं होतं. बाळ त्याच्या हातात दिलं. धर्मगुरूबाईंनी विचारलं, "सैतानाचा आणि त्याच्या बंडाचा तुम्ही धिक्कार करता का?" मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. एड्रियनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज हलला नाही. "करतो," तो म्हणाला.

पाणी पडलं. विल्फ्रेड रडला नाही. त्यानं एड्रियनकडे टक लावून पाहिलं, हात वर केला आणि चष्मा ओढला. चष्मा फरशीवर घसरत बाकांखाली गेला.

एड्रियननं मान वर केली आणि तो चेहरा आम्हा सगळ्यांसमोर आला. तेच न हलणारे डोळे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरले. पुढच्या बाकांवरची माणसं मागे रेलली. मीही खांबाआड सरकले, खोटं कशाला सांगू.

मग तो हळूच म्हणाला, "टॅमझिन, कुठं आहेस गं? मला काही दिसत नाहीये. बाळ पडेल माझ्या हातून."

टॅमझिन धावत त्याच्याजवळ गेली आणि तिनं बाळाखाली हात धरला. पॉलीन बाकाखाली वाकून चष्मा शोधत होती. तो पुसत पुसत ती पुढे आली आणि वेगळ्याच, हळू आवाजात तिनं विचारलं, "तेव्हाही चष्मा काढला होता का रे तुझा?"

"हो," एड्रियन म्हणाला. "सैतानाच्या पोराला चष्मा शोभत नाही म्हणाले. आई तिथंच कुठंतरी उभी होती. मी तिला शोधत होतो."

पॉलीननं चष्मा स्वतःच्या हातानं त्याच्या कानांवर नीट बसवला. मग तिनं जाऊन उत्तरेचं दार लावून घेतलं.