बरं आहे, साहेब

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या तालुक्याच्या केमो केंद्रात सुमन सिस्टरांवर अन्याय झाला. केमोचं खास शिक्षण घेतलेल्या या बाई. मोठ्या डॉक्टरांना त्या एवढंच म्हणाल्या, "औषधाच्या डोसवर इथे जे संशोधन चाललंय, त्याचं काम मला शिकवा, पेशंटच्या त्रासाच्या नोंदी मी घेईन." डॉक्टर हसले. "सिस्टर, तुम्ही सलाईन बघा."

मी आईला घेऊन तिथेच बसले होते. डॉक्टरांनी तिला विचारलं, "काही त्रास?" आईने पदर सावरला. "नाही, बरं आहे, साहेब." संशोधनाच्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं, तक्रार नाही. ते वळताच आई कुजबुजली, "सुमनताई, या औषधाने बोटं मेलीत माझी. कप हातात आहे की सुटला, कळत नाही."

"माहीत आहे, मावशी. पण ते लिहायचा हक्क मला नाही."

साहेबांपुढे रडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. टेबलावर जुन्या फॉर्मांचा गठ्ठा होता आणि पंख्याच्या वाऱ्याने पानं आपोआप उलटत होती. प्रत्येक पानावर तक्रार नाही. नावं ओळखीची होती. त्यातल्या कित्येकांच्या दहाव्याला मी गेले होते. ती सगळी मेलेली माणसं अजून त्या खोलीत रांगेने बसून, एका सुरात, अदबीने सांगत होती, बरं आहे, साहेब, बरं आहे. त्यांच्या या साक्षीवर उद्या दुसऱ्या कुणाच्या आईचा डोस ठरेल.

सिस्टरांना या नोंदी घ्यायला शिकवायला डॉक्टरांचा आठवड्यातला एक तास पुरेल. तुमच्या जवळच्या केंद्रात जा आणि तिथल्या सिस्टरांसाठी तो तास मागा. मिळेपर्यंत तिथून उठू नका.