जिनमधलं विमान

जिनमधले चार जुने लोक एकत्र बसले की कोणीतरी मला कोपराने ढोसतं, "फोरमन साहेब, ते विमानाचं सांगा ना." मी आधी नाहीच म्हणतो. कारण एक सांगितलं की दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं, आणि चहा गार होतो. शिवाय हे लोक आज पोट धरून हसतात, तेव्हा मात्र माझं डोकं उठलं होतं हो!

झालं असं, बोंडअळीने सलग दोन-तीन हंगाम कापूस खाल्ला. यवतमाळात दारव्हा रोडवरच्या आमच्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कधीकाळी गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची, तिथल्या मशिनी थंड पडल्या. अशात शेठजी कुठल्याशा मोठ्या शहरात लग्नाला गेले आणि तिथला छपराखालचा वॉटर पार्क पाहून आले. आपल्याकडे शेड आहे, विहीर आहे, माणसं आहेत, आणखी काय लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांना विमानाची हौस. आमच्या वेल्डरने जुन्या पत्र्यांतून विमान उभं केलं, ते माळ्यावर बसवलं आणि त्याच्या दारातून घसरगुंडी थेट खालच्या हौदात सोडली. शाळा सुरू होईपर्यंत चालवून पाहू, मग ठेवायचं की बंद करायचं ते सांगतो, असं शेठजींनी ठरवलं. आम्ही अठरा जण होतो. बंद झालं तर जायचं कुठे, हे एकालाही माहीत नव्हतं. आणि अठरापैकी एकही जण आयुष्यात विमानात बसलेला नव्हता.

*

मला पायलटचा ड्रेस मिळाला. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, टोपी. तो घालून मी पहिल्या दिवशी दारव्ह्याहून काळीपिवळी जीपमध्ये बसलो. शेजारचे दोन गृहस्थ माझ्याकडे टक लावून पाहत होते. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्यातल्या मोठ्याने अदबीने विचारलं की पुढच्या रविवारी आमच्या पुतणीचं लग्न आहे, तुमच्या पार्टीत वाजवणारे किती?

मी टोपी काढून पिशवीत ठेवली. पुढे दोन महिने ती फाटकाशी आल्यावरच डोक्यावर चढायची.

*

पाण्यात सुती कपड्यांना मनाई होती, कारण धागे सुटून फिल्टर तुंबायचा. कापसाच्या जिल्ह्यात, जिनच्या शेडमध्ये, कापूस बंद! नियम यंत्रवाल्यांचा, शिव्या मला.

फाटकावर तपासणीला बसवले शामराव. हे आमचे ग्रेडर. तीस वर्षं चिमटीत कापूस धरून त्याची प्रत सांगितलेला माणूस. ते आलेल्या प्रत्येकाच्या कपड्याची कड चिमटीत धरायचे, एक धागा ओढायचे, उजेडात नेऊन त्याचा पीळ सोडवायचे आणि मगच निकाल द्यायचे. रांग रस्त्यापर्यंत. शामराव, नुसतं हो किंवा नाही म्हणा, असं मी रोज सांगायचो. ते मान डोलवायचे आणि पुढच्याचा धागा ओढायचे.

एकदा बोरी अरब गावचे एक शेतकरी नातवंडांना घेऊन आले. शामरावांनी त्यांच्या पायजम्याचा धागा पाहिला आणि त्यांचे डोळेच चमकले. लांब धागा, एक नंबर माल, जपून वापरा, पण आत नाही! ते गृहस्थ माझ्याकडे वळले.

"आमच्या कापसाले मार्केटात कोणी इचारून नाही राह्यलं," ते म्हणाले, "आन् इथं एक नंबर म्हनून बाहेर काढता?"

मी आतून एक नायलॉनची चड्डी आणून त्यांच्या हातात ठेवली.

*

माइकवर बोलायला पुंडलिकराव मिळाले. एसटीत आयुष्य काढलेले, कंट्रोल रूममधून रिटायर झालेले. आवाज खणखणीत. मी त्यांना लिहून दिलं होतं, आता विमान उडणार आहे, पट्टे बांधा, वगैरे. पण माइक तोंडापुढे आला की त्यांचं तोंड जुन्याच वाटेने जायचं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. विमान फलाट क्रमांक दोनवर लागलेले आहे." फलाट एकसुद्धा नव्हता. दुपारी जरा पेंगले की "दारव्हामार्गे" हेही निघून जायचं.

एका दुपारी बाकावर एक म्हातारबा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले दिसले. मी विचारलं, पाण्यात जायचं नाही का? ते म्हणाले, दारव्ह्याची लागली असं आत्ताच ऐकलं. आणि त्यांनी खिशातून ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं, अर्ध्या तिकिटासाठी.

मी पुंडलिकरावांवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "गाडी तर टायमावर होती ना साहेब?"

*

त्या उन्हाळ्यात यवतमाळात नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. आमच्या विहिरीला मात्र होतं. याचा परिणाम काय होणार हे मला आधी कळायला हवं होतं.

एका सकाळी एका मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस बाया आल्या. नायलॉनचे गाऊन, सगळं नियमात. शामरावांनी पास केलं. दहा मिनिटांनी मी आत गेलो तर हौदावर फेस! एकीने पोराला उभं करून डोक्याला शिकेकाई लावली होती, दुसरी हौदाच्या कडेला पाठ घासत होती, आणि विमानाच्या पंखाखाली चादरी वाळत पडल्या होत्या. मी शिट्टी वाजवून वाजवून दमलो. शेवटी त्यांच्यातली वयस्क बाई पुढे आली आणि मलाच समजावू लागली.

"भाऊ, खेळाले काय, आमी नंतर खेळून घेऊ. पयले पोरं तं धुऊ द्या."

फिल्टर साफ करायला पूर्ण दिवस गेला. चादरी मीच घडी करून दिल्या.

*

शाळा सुरू व्हायला दोन दिवस उरले आणि शेठजी आले. मागे ड्रायव्हर, त्याच्या हातात नवंकोरं कुलूप. सगळ्यांनी ते पाहिलं.

शेठजी म्हणाले, एकदा वरून पाहून घेतो. मी त्यांना विमानात घेऊन गेलो. वर कुसुमबाई होती. वीस वर्षं मशिनीत कापूस लोटला तिने, आता दारातून माणसं एकेक करून घसरगुंडीवर सोडायची. मुलगी कॉलेजात, घरात कमावणारी ती एकटी. शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि जिन्याकडे वळले. कुसुमबाई जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"शेठजी, वर आलेलं मानूस जिन्यानं खाली नाही जात. तुमचाच नियम हाय."

खरंच होता. अरुंद जिन्यावर धक्काबुक्की नको म्हणून त्यांनीच केलेला. शेठजी हसले. मलाही वाटलं, बाई गंमत करते आहे. तर ती पदर खोचून वरच्या पायरीवर बसलीच.

"काय ठरवलं ते सांगा. मंग जा."

मी तिला दटावलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेठजी दारापर्यंत गेले, घसरगुंडीत डोकावले आणि दोन पावलं मागे आले. रुमालाने मान पुसली. खाली आमची सगळी माणसं वर पाहत उभी होती. अर्धा तास असाच गेला. मला ओशाळल्यासारखंही होत होतं आणि त्या बाईचा अभिमानही वाटत होता.

शेवटी शेठजींनी विचारलं, "बाई, तुमी कधी बसल्या का याच्यावर?"

"नाही जी. मले भेव लागते."

"मलेबी," शेठजी म्हणाले.

कुसुमबाई जराशी सरकली, पण पायरी तिने सोडली नाही. शेठजी खिडकीशी बसले. काच नव्हतीच तिला. खालचं पाणी, आमची माणसं, सगळं त्यांनी एकदा पाहून घेतलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

"ते कुलूप घेऊन तू घरी जाय. मले इथं उशीर होईल."