मधला तंबू

आमच्या घरात वाचता येणारा मी पहिला. रेशनचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी, मच्छीमार सोसायटीची नोटीस, काहीही आलं की बाबा ते माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "वाच." मी चौथीत होतो तेव्हापासून. मजकूर वाईट असला तरी मी तो अक्षर न अक्षर वाचायचो. पुढे तुमसरच्या कॉलेजातून बी.ए. झालो आणि फौजेत लागलो. डिग्रीचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

युनिटच्या हिमालयातल्या मोहिमेत माझं नाव आल्याचं कळलं तेव्हा मी सुट्टीवर होतो. आमच्याकडे चढायला आंबागडचा किल्ला तेवढा. पाठीवर रेतीचं पोतं बांधून मी रोज सकाळी वर जायचो आणि तेच पोतं घेऊन उतरायचो. गुरं चारणारे एक काका पायथ्याशी बसून बघत. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "रेती नेऊन राहिला त तिथंच टाक ना बे," ते म्हणाले, "वापस काहून आणून राहिला?"

मोहिमेत त्या पोत्याचा उपयोग झाला. शेवटच्या तंबूपर्यंत मी कोणाच्या मागे पडलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून लोकांना वेगळं वाटेल.

शिखर आणि खालचा मुख्य कँप यांच्या मध्ये डोंगराची एक धार आडवी यायची. वरचा आवाज वायरलेस सेटवर थेट खाली पोचत नव्हता. दोन्हींच्या मधल्या या शेवटच्या तंबूत थांबून निरोप घेणारा, वेळेसकट लिहिणारा आणि खाली कळवणारा एक जण पाहिजे होता. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. तू ग्रॅज्युएट आहेस, अक्षर चांगलं आहे, तू चुकणार नाहीस, असं म्हणाले. फौजेत का म्हणून विचारत नाहीत. मी 'जी साब' म्हणालो.

नऊ जण वर गेले. मागे राहिलेल्यांपैकी एकाला ताप होता, त्याला घेऊन स्वयंपाकी खाली उतरला. मग दीड दिवस त्या तंबूत मी एकटा. सेटच्या बॅटऱ्या गारठू नयेत म्हणून त्या पोटाशी घेऊन झोपायचो. पेन गोठलं, तेव्हा पेन्सिल काढली. बर्फ वितळवून पाणी करायचं, प्यायचं, पुन्हा बर्फ भरायचा. वाऱ्याने कापड फडफडलं की कोणी आलं असं वाटायचं, आणि कोणी येणार नाही हे माहीत असूनही मी चेन उघडून बाहेर बघायचो. तासातासाला सेट खरखरला की आधी घसा साफ करायचो. दुसरं बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे आवाज फुटत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून आवाज आला, "सब ऊपर हैं." मी वहीत 'सगळे' लिहिलं. मग ते खोडून 'नऊ' केलं. वेळ टाकली आणि खाली कळवलं. सेटमधून खालच्या टाळ्या ऐकू आल्या. त्या थांबेपर्यंत मी सेट कानाला धरून बसलो.

पुढच्या सुट्टीत प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. बाबांनी मामांना आणि शेजाऱ्यांना बोलावून अंगणात खुर्च्या टाकल्या. सगळे बसल्यावर म्हणाले, "वाच." मी वाचलं. शिखर मोहिमेत सहभाग घेतल्याबद्दल, असं त्यात होतं. 'सहभाग' हा शब्द मी जरा जोरानेच वाचला. त्याच्यावर कोणी थांबलं नाही. टाळ्या झाल्या, मामांनी माझ्या तोंडात पेढा घातला. जे लिहिलं होतं तेच वाचलं, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर डोंग्यात बसून तलावात जाळं काढायला गेलो. अर्ध्यावर त्यांनी विचारलं, "वरतून काय दिसते रे?"

"मी वरतं नाही गेलो बाबा. मले मधल्या तंबूत ठेवलं होतं. निरोप लिहायले."

त्यांचा हात थांबला. "काहून? तू त शिकेल होता."

"म्हणूनच."

बाबांनी बराच वेळ जाळं ओढलं. दोन मासे सोडवून डोंग्यात टाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गावात सांगू नोको."

मी हो म्हणालो नाही, आणि सांगितलंही नाही.

प्रमाणपत्र आता फ्रेम करून भिंतीवर लावलं आहे. सुट्टीत मी घरी असतो तेव्हा पाहुणा आला की बाबा त्याला फ्रेमसमोर नेतात. मी तिथेच बसलेला असतो, पण मला बोलावत नाहीत. स्वतःच सांगतात, पोरगा पहाडाच्या टोकावर जाऊन आला. मी उठून अंगणात येतो.

आज हे लिहीत असताना बाबा दोनदा जवळून गेले. दुसऱ्यांदा थांबले आणि काय लिहून राहिला म्हणून विचारलं. फौजेतलं, मी म्हणालो. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'वाच' म्हणाले नाहीत.