दहा मिनिटांचा अंधार

सासऱ्यांच्या एका सवयीला सूनबाई लग्न होऊन आली तेव्हापासून हसत आली होती. घरातलं कुठलंही दार उघडण्याआधी ते टकटक करायचे. न्हाणीघराचं एक वेळ ठीक आहे, पण जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीचंही? एकदा तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कपड्यांच्या कपाटावर टकटक! मग क्षणभर थांबायचं, दार वीतभरच उघडायचं, त्या फटीतून अंग चोरून आत शिरायचं आणि पाठीमागे लगेच लावून घ्यायचं.

"कपाटात कोण आहे बाबा?" तिने विचारलं होतं.

"कोणी नाही गं," ते ओशाळून म्हणाले होते. "हाताला सवय."

ती सवय चाळीस वर्षांची होती. बाजारातल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या डार्करूममध्ये ते फोटो धुवायचे. फोटो काढायचा मालक, पाटीवर नाव मालकाचं, कौतुकही मालकाचं. हे आपले मागे, लाल दिव्याच्या खोलीत, रसायनांचे तीन ट्रे आणि एक थर्मामीटर घेऊन. शाळांचे अख्खे वर्ग, नवरानवरी, ओळखपत्रांवरचे घाबरलेले चेहरे, सगळे आधी यांना दिसायचे आणि मग जगाला. पुढे लोकांच्या खिशात मोबाइल आले, रोल बंद झाले, स्टुडिओला कुलूप लागलं आणि यांना नारळ मिळाला. गल्लीत त्यांना अजूनही 'फोटोवाले' म्हणत. ते मात्र आठ वर्षं व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून होते. कोणी मोबाइलवर फोटो दाखवला की चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि "छान" म्हणायचे. त्या "छान"मध्ये काही राम नसायचा.

सूनबाईचं सगळं याच्या उलट. तिला बसणं माहीत नव्हतं. विमा कंपनीतल्या नोकरीतून तिने एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली आणि घराच्या वरच्या खोलीत मातीशिवाय भाजी पिकवायचा उद्योग मांडला. रॅकवर आडवे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत रोपं. खाली एक मोठी टाकी. तिच्यातलं खत मिसळलेलं पाणी पंपाने वर चढायचं, रोपांच्या मुळांवरून वाहायचं आणि पुन्हा टाकीत यायचं. तिने सगळं अभ्यास करून केलं होतं. टाकीसुद्धा मुद्दाम पांढुरक्या प्लॅस्टिकची घेतली, बाहेरूनच पाण्याची पातळी दिसावी म्हणून.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला सॅलडची पानं हवी होती, मातीचा कण नसलेली. तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडम कडक होत्या, पण पहिली पानं पाहून खूश झाल्या. मग दुसरं पीक कोमेजलं आणि तिसरं तर कुजूनच गेलं. टाकीच्या भिंतींवर हिरवा बुळबुळीत थर आला, पाइपांत शेवाळं साचलं, मुळं तपकिरी होऊन हातात निसटायला लागली. खोलीत तळ्याकाठी येतो तसा वास. मॅडमनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "मी रोजचं वेळापत्रक आखते हो. पुढचं पीक बघायला मी स्वतः येईन. ते धड नसेल तर आपलं जमायचं नाही." रजेचे तीन महिने उरले होते. मॅडम नाही म्हणाल्या तर खोलीला कुलूप आणि सूनबाई पुन्हा विम्याच्या टेबलावर. तिने हे कोणाला बोलून दाखवलं नाही, पण भांडी जरा जास्तच जोरात आपटायला लागली.

एका दुपारी वरच्या दारावर टकटक झाली.

"उघडंच आहे बाबा!" ती जरा चिडूनच म्हणाली.

फोटोवाले अंग चोरून आत आले. त्यांनी टाकी पाहिली, पाइप पाहिले, हिरवा थर बोटावर घेऊन वास घेतला. म्हणाले, "उजेड शिरतोय."

"झाकण आहे की घट्ट. मी रोज उचलून बघते, आत अंधारच असतो."

"बाहेरून पाणी दिसतं ना तुला?"

"हो, म्हणूनच तर ही टाकी घेतली."

"मग आतलं बाहेर दिसतं, तर बाहेरचं आत जात नसेल?"

सूनबाईने हात कपाळाला लावला. शेवाळ्याला उजेड आणि खत दोन्ही मिळालं की ते माजतं, रोपांचं खाणं खातं आणि मेलं की पाण्यातली हवाही संपवतं, हे तिने वहीत दोनदा लिहून ठेवलं होतं. वही बरोबर होती, टाकी चुकली होती.

दुसऱ्या दिवशी दोघांनी टाकी उपसली. फोटोवाल्यांनी घासायची जी पद्धत लावली ती पाहून सूनबाई थक्क झाली. पाइपांचा ब्रश टाकीला लावायचा नाही. कुजक्या मुळांना हात लावला की हात धुतल्याशिवाय निरोगी रोपाकडे बघायचंसुद्धा नाही. "तीन ट्रे, तीन चिमटे," ते म्हणाले. "एकाचा थेंब दुसऱ्यात पडला की झालं, फोटो गेला." ब्लीचच्या पाण्याने धुणं, मग तीनदा साध्या पाण्याने, मग कोरडं होईपर्यंत धीर. आठ वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कमरेत एवढा जोर कुठून आला, हे तिला कळेना.

टाकीला बाहेरून काळ्या रंगाचे दोन हात दिले. रंग वाळल्यावर सूनबाईने झाकण किलकिलं करून आत डोकावलं. "झाला बाबा, मिट्ट काळोख!"

"असं दिसत नसतं," फोटोवाले म्हणाले. त्यांनी चप्पल काढली, खडू घेतला, स्टुलावर चढले आणि चक्क टाकीत उतरून गुडघे पोटाशी घेऊन बसले. माणूस मुळात अंगाने काडीसारखा, मावला. "झाकण लाव. खोलीतले सगळे दिवे लाव. दहा मिनिटं मला हाक मारू नकोस."

तेवढ्यात नवरा वर आला. "बाबा कुठेत?"

"टाकीत."

"कोंडलंस त्यांना?" तो घाबराघुबरा झाला.

टाकीतून आवाज आला, "गप्प बस रे. डोळा उघडतोय माझा."

दहा मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा आतल्या भिंतींवर खडूच्या अकरा खुणा होत्या. पाइप आत येतो तिथली फट, पंपाच्या वायरचं भोक, झाकणाच्या कडेला सुईच्या टोकाएवढ्या तीन जागा, रंग पातळ बसलेले डाग. सूनबाईने यांतलं काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "उजेडातून आलेल्या डोळ्याला आधी सगळं काळंच दिसतं. दोन मिनिटांनी एखादं भोक दिसतं. खरी लबाड भोकं आठव्या-नवव्या मिनिटाला बाहेर येतात."

माळ्यावरच्या ट्रंकेतून त्यांनी फोटोच्या कागदांच्या जाड काळ्या पिशव्या काढल्या, उजेडाचा टिपूस आत न येणाऱ्या. त्यांच्या गोल चकत्या कापून पाइपांची रिकामी भोकं झाकली, फटी बुजवल्या. नवीन रोपं लागली. पंधरा दिवस पाणी नुकत्याच भरलेल्या पेल्यासारखं स्वच्छ राहिलं. मुळं साईच्या रंगाची, दाट. सूनबाईने गल्लीत ज्याला त्याला सांगितलं की आमच्या बाबांना अंधारातलं दिसतं.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात वास आला.

शेवाळं कुठेच नव्हतं, तरी मुळांची टोकं तपकिरी झाली होती. सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. फोटोवाल्यांनी खिशातून आपलं जुनं थर्मामीटर काढलं. वीस अंशांवर लाल रेघ मारलेलं. टाकीत बुडवलं, वर काढलं, आणि तिथेच स्टुलावर बसले.

पारा एकोणतिसावर होता. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन यायचं आणि काळ्या टाकीवर पडायचं. काळी टाकी ऊन पीत होती. पाणी तापलं की त्यात हवा कमी टिकते, मुळं गुदमरतात आणि सडतात. सूनबाईला हे माहीत होतं, पण टाकी झाकली या आनंदात तिने पाणी मोजलंच नव्हतं.

"चूक माझी," फोटोवाले म्हणाले. "चाळीस वर्षं डार्करूममधलं पाणी वीसच्या वर जाऊ दिलं नाही. आणि इथे काळा रंग मीच फासला."

"बाबा, मलाही सुचायला हवं होतं."

"रंग मी फासला," ते पुन्हा म्हणाले. मग, कधी नव्हे ते, डार्करूमची एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हातून एका लग्नाचा अख्खा रोल गेला होता. दाराला खिळ्याचं एक भोक होतं. आत शिरलं की अंधार वाटायचा, म्हणून त्यांना ते दिसलंच नाही. मालक म्हणाला, सांगू की कॅमेरा बिघडला. फोटोवाले ऐकेनात. ते स्वतः त्या घरी गेले, दारावर टकटक केली आणि नवरीच्या आईला खरं काय ते सांगितलं. "बाई रडल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं अंधारात बसायचो. रोज. अडतीस वर्षं."

सूनबाईला भरून आलं. या माणसाच्या टकटकीला आपण इतकी वर्षं हसलो, याची तिला लाज वाटली.

अर्धी रोपं काढून टाकावी लागली. उरलेली निरोगी तेवढी स्वच्छ हातांनी नव्या पाण्यात लावली. टाकी खिडकीपासून लांब सरकवली, खिडकीला जाड पडदा लागला, काळ्या रंगावर पांढऱ्या रंगाचे दोन हात चढले, आत काळं आणि बाहेर पांढरं. पाण्यात बुडबुडे सोडणारा दुसरा पंप बसला. थर्मामीटर दोरीने टाकीलाच बांधलं. हे सगळं करून संध्याकाळी फोटोवाले इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. कुठे निघालात, विचारलं तर म्हणाले, "आलोच."

ते रुग्णालयात गेले होते. परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "बाईंना म्हटलं, अर्धं पीक गेलं, माझ्या चुकीने गेलं, मुलीच्या नाही. त्या म्हणाल्या, ठरल्याप्रमाणे सोमवारी येते." सूनबाई नव्हे, मुलगी म्हणाले. तिने ते ऐकलं आणि चहा टाकायला गेली, म्हणजे डोळे पुसायला.

सोमवारी मॅडम ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आल्या. सूनबाईची धांदल उडाली. वरची खोली नीटनेटकी होती, पानं टवटवीत होती, पण फोटोवाल्यांचा पत्ता नव्हता. मॅडमनी पानांवरून हात फिरवला आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या, नव्या टाकीकडे वळल्या. "ही पुढच्या पिकाची ना? आत बघू." त्यांचा हात झाकणाकडे गेला.

सूनबाई पुढे झाली. तिने झाकणावर बोटाने टकटक केली.

"थांबा," टाकी म्हणाली. "आत्ताच बसलोय. दहा मिनिटं."

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. "कोण आहे आत?"

"सासरे आहेत माझे."

"अहो, मग उघडा ना! मला अकराला परत जायचंय."

सूनबाईच्या मनात आलं, उघडावं. बाई वैतागून निघून गेल्या तर वर्षाची मेहनत मातीत. एक हात झाकणावर होताच. तिने तो काढून घेतला. "नाही उघडता येणार मॅडम. उघडलं की त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. भोकं पहिल्या मिनिटाला दिसत नाहीत. मी एक मिनिटच बघायचे, म्हणून तर दोन पिकं गेली."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. मग स्टूल ओढलं आणि बसल्या. पंपाचे बुडबुडे तेवढे वाजत होते. सूनबाईला ती दहा मिनिटं रजेच्या सगळ्या वर्षापेक्षा लांब वाटली.

आतून टकटक झाली. झाकण उघडलं. फोटोवाले विस्कटलेल्या केसांनी, खडूने माखलेल्या बोटांनी उभे राहिले, मॅडमना पाहून गोंधळले आणि टाकीतूनच नमस्कार करून म्हणाले, "एक सापडलं. वायरीपाशी. नवव्या मिनिटाला."

मॅडम हसल्या. कोणी त्यांना हसताना पाहिल्याचं सूनबाईला ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिल्या रॅकचं एक रोप उचलायला सांगितलं. खाली लोंबणारी मुळं पांढरीशुभ्र, वीतभर लांब, पाण्याने निथळणारी. त्यांनी वास घेतला. वास कसलाच नव्हता.

"पानं मी याआधीही पाहिलीत तुमची," त्या म्हणाल्या. "सुरेखच असतात. मेली त्याच्या आठवडाभर आधीसुद्धा सुरेखच होती. मला पानं बघायची नव्हती. ती पुढच्या महिन्यातही जगतील कशावरून, ते बघायचं होतं. ते पाहिलं." आहे एवढ्यात रुग्णालयाचा एक मजला भागेल, तिथून सुरुवात करू, दुसरी टाकी लागली की दुसरा मजला, असं सांगून त्या उठल्या.

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. ते अजून टाकीतच उभे होते, खडूची बोटं शर्टाला पुसत. तिला काय काय म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, "बाबा, आता बाहेर या."

मॅडम दाराशी पोचल्या. कडीला हात लावला आणि थांबल्या. मागे वळून त्यांनी फोटोवाल्यांना विचारलं, "उघडू ना?"

फोटोवाल्यांनी खोलीवरून एकदा नजर फिरवली, झाकणं पाहिली, चकत्या पाहिल्या, दोरीला बांधलेलं थर्मामीटर पाहिलं.

"उघडा," ते म्हणाले. "सगळं उघडा."