वैराग्याचा थर

त्या दिवसांत मला कुणी विचारलं की काय करतेस, तर मी सांगायचे, संशोधन. कुणी आणखी खोलात शिरलंच, तर सांगावं लागायचं की मी कवळीच्या तुकड्यांवर बुरशी वाढवते. मग संभाषण हवापाण्याकडे वळायचं.

कँडिडा नावाचं यीस्ट तुमच्या-माझ्या तोंडात निमूटपणे राहत असतं. कवळीसारखी कायमची जागा मिळाली की ते तिथे चिकटतं, एकावर एक वस्ती करतं आणि वरून चिकट पांघरूण घेतं. या थराला बायोफिल्म म्हणतात. ज्या औषधाने सुटं यीस्ट मरतं, ते थरातल्याला जेमतेम गुदगुल्या करतं. हा थर धरतो कसा आणि मोडायचा कसा, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. अडचण एवढीच होती की आमच्या प्रयोगशाळेतलं यीस्ट वर्षानुवर्षं आयतं गोड खाऊन सुस्तावलं होतं आणि थर म्हणून धरत नव्हतं. सर म्हणायचे, पेशंटच्या तोंडातून ताजं मिळव.

मी राहायचे चेन्नईजवळ तांबरमला, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. खाली मुलगा आणि बँकेत नोकरी करणारी सून. ही मंडळी तंजावरकडची मराठी, म्हणजे त्यांचं मराठी माझ्या मराठीपेक्षा कितीतरी जुनं आणि निम्मं तमिळ. माझं पुणेरी मराठी ऐकलं की आजींना शाळा तपासायला कुणी आल्यासारखं वाटायचं.

उष्ट्याच्या बाबतीत आजी फार कडक. पेल्याला ओठ लावलेला चालत नसे. पाणी वरून तोंडात ओतायचं, आणि मला ते अंगावर न सांडता जमेपर्यंत माझा पेला वेगळा. इडलीचं पीठ हाताने कालवल्याशिवाय नीट फुगत नाही, अशी तिथली पक्की समजूत. मी एकदा विचारलं, मी कालवू का? आजी शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या हातानं आंबेल हो. पण कशानं आंबेल, कोण जाणे."

अशा या आजींनी एका उन्हाळ्यात तिखट सोडलं. आधी मावडू, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं मोहरी-मिरचीतलं लोणचं, जे त्या घालायच्या आणि गल्लीभर वाटायच्या. मग सांबार गेलं, मग रसम. शेवटी राहिला नुसता गार दहीभात. सुनेने शेजारी सांगितलं, आमच्या सासूबाईंचं मन विरक्त होत चाललंय. हां हां म्हणता बातमी पसरली. एकादशीच्या भजनाला येणाऱ्या बायका आता आजींच्या पाया पडू लागल्या. सासूबाई एवढं सोडतात आणि आपण ओरपायचं, हे बरं दिसत नाही म्हणून सुनेने सगळ्या घराचंच तिखट कमी केलं. याचा खरा फटका बसला आजोबांना. संध्याकाळच्या फेरफटक्यानंतर ते जिना चढून वर यायचे आणि पुण्याहून आलेला ठेचा अजून शिल्लक आहे का, याची चौकशी करायचे. मी त्यांना पोळीच्या तुकड्यावर तो द्यायचे. सोडायला कुणाची हरकत नसते, पण बायकोने सोडलेलं आपण का भोगायचं, असा त्यांचा चेहरा असे.

एकदा आजी कॉफी गार होण्याची वाट बघत बसल्या होत्या. मी काहीतरी वेडगळ बोलले, त्या खळखळून हसल्या आणि मला त्यांच्या ओठांचे दोन्ही कोपरे दिसले. लाल, चिरलेले. कवळीखाली कँडिडा माजल्याचं हे चित्र मी माझ्या प्रत्येक भाषणाच्या पहिल्या स्लाइडवर दाखवत आले होते. मी विचारलं, रात्री कवळी काढता ना?

आजींनी दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांनी मला बिनदातांची कधी पाह्यलं नाही. पाहणारही नाहीत."

दात बहिणीच्या गावी जाऊन काढले, नवे बसवूनच घरी परतल्या, तेव्हापासून कवळी रात्रंदिवस तोंडात. टाळूची आग होत होती, तिखट लागलं की जीव जात होता. वैराग्याचं नाव दुसऱ्यांनीच दिलं. नाही म्हणायचं तर कवळीचं सांगावं लागलं असतं, म्हणून आजी संत झाल्या.

मी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं, आणि आजींच्या संमतीने कवळीवरचं थोडं खरवडून मलाही दिलं. त्या यीस्टने काय थर धरला! सर इतके खूश झाले की त्यांनी मला कॉफी पाजली. आजींना मात्र आपल्या तोंडात असलं काही राहतं याचा धक्काच बसला होता. ते सगळ्यांच्याच तोंडात असतं, असं मी समजावलं. सुनेच्या पण? त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांना बरंच बरं वाटलं.

पण औषधाने भागणार नव्हतं. कवळी रोज काही तास काढून ठेवायलाच हवी होती, आणि रात्री काढायला आजी मेल्या तरी तयार नव्हत्या. डॉक्टर वैतागून म्हणाले, मग दुपारी काढा, पण काढा. म्हणून दुपारी जेवण आटोपलं की आजी माझ्या खोलीत येऊ लागल्या. आजोबा तेव्हा खाली घोरत असत. माझ्या टेबलावर वाडग्यात पाणी, पाण्यात कवळी, आणि मी घरी असले तर आजी माझ्याकडे पाठ करून खिडकीशी खुर्चीत.

टाळू बरी झाली आणि आजींची जीभ जागी झाली. पण संतपदावरून उतरायचं कसं? खाली एकादशीला पाया पडणाऱ्या बायका वाढतच होत्या. आजींनी मला कोवळ्या कैऱ्या आणायला लावल्या आणि मावडूची बरणी माझ्या खोलीत, पुस्तकांच्या मागे घातली. कवळी काढायच्या आधी दोन कैऱ्या, घातल्यावर परत दोन. दुपारी आजी, संध्याकाळी आजोबा. माझ्या खोलीत दोन माणसांचं पाप पोसलं जात होतं, आणि मी कुणाला काही सांगत नव्हते.

एका रविवारी संध्याकाळी पाहुणे यायचे होते, म्हणून आजोबा दुपारीच वर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आजी वळल्या. कवळी वाडग्यात होती, मांडीवर बरणी. त्यांनी पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

आजोबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते बरणीकडे बघत खाली बसले आणि म्हणाले, "एकटीच खातेस होय?"

त्या रात्रीपासून वाडगा खाली, आजींच्या उशाशी गेला. दहीभात मात्र चारचौघांत तसाच राहिला, आणि बरणी माझ्याच खोलीत.

दोन उन्हाळ्यांनी आजी गेल्या. माझा प्रबंध तेव्हा संपत आला होता. त्यांच्या तोंडातलं यीस्ट त्यात आहे, नावाऐवजी एका आकड्याने, आणि प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ते जिवंतही आहे. तेराव्याला खालचं घर माणसांनी भरलं होतं. भजनाच्या बायका एकमेकींना सांगत होत्या की असा जिभेवरचा ताबा आता कुठे बघायला मिळणार. मला हसूही येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं.

आजोबा माझ्याजवळ आले. ते म्हणाले, "वर बरणी आहे की संपली?"

तळाशी थोड्या कैऱ्या होत्या. आजोबांनी आजींच्या उशाचा वाडगा बरोबर घेतला आणि आम्ही दोघं जिना चढून वर गेलो. आजोबांनी खिडकीशी पाठमोरी ठेवलेली आजींची खुर्ची आत वळवली, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिली कैरी आजींसाठी त्या वाडग्यात काढून ठेवली.