जड पेशंट

शाँत्रोल गावात ओदिल वेर्जादला आडनावानं कुणी ओळखत नसे. ती ‘दवाखान्यातली ओदिल’. एकतीस वर्षं ती डॉक्टर लासाल यांच्याकडे पुढच्या टेबलाशी बसली. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, फायली काढून ठेवायच्या आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायचं. ‘डॉक्टर नवे पेशंट घेत नाहीत’ हे वाक्य ती अशा काही सुरात म्हणे, की नकार मिळालेला माणूस आभार मानून फोन ठेवी. डॉक्टर जेवायला बसले की दाराशी यायची कुणाची टाप नव्हती. मादाम लासाल म्हणत, “ओदिल, तुम्ही नसता तर लोकांनी यांना ताटावरून उचलून नेलं असतं.”

तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनातली गाठ पहिल्यांदा हाताला लागली, तीही डॉक्टर लासाल यांच्याच. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, मग हार्मोनची गोळी सुरू झाली. रोज एक, पाच वर्षं, खंड न पाडता. त्या गोळीनं बोटांची पेरं धरत आणि ऐन थंडीत अंगातून वाफा निघत.

“तू शेजारी असलीस की शेगडीत लाकूड घालायला नको,” तिचा नवरा जिल्बेर म्हणे. तो गवंडी होता आणि डॉक्टरची पायरी चढायची नाही, हे त्याचं व्रत होतं.

“मग ठेव ना माझ्यावर किटली,” ती म्हणे आणि गोळी गिळे. गाठ परत येऊ नये यासाठी तिच्या हातात तेवढंच होतं. दर सहा महिन्यांनी डॉक्टर चिठ्ठी लिहून देत, बहुतेक वेळा कोट चढवता चढवता.

जूनअखेरीस डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चार वर्षं जाहिराती देऊनही आलं नव्हतं, म्हणून कुणाला नवलही वाटलं नाही. निरोपाला अर्धं गाव जमलं. ओदिलनं बटाटा भरून भाजलेला भलामोठा पाव सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. डॉक्टर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “तुम्ही काळजी करू नका. तुमचं मी बघतो.”

त्या शब्दावर ती थांबून राहिली. ऑक्टोबरपर्यंतची चिठ्ठी होती, त्यामुळे घाई नव्हती. सप्टेंबर सरला तसा तिनं जिल्ह्याच्या इस्पितळात फोन लावला. तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई नोकरी सोडून गेल्या होत्या. पुढची भेट मार्चमध्ये मिळेल, तोवर चिठ्ठी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून घ्या, असं सांगण्यात आलं.

मग तिनं वही काढली आणि आसपासच्या गावांचे दवाखाने पालथे घातले. एका दिवशी सात फोन, दुसऱ्या दिवशी नऊ. पलीकडच्या बायका सगळ्या तिच्याच जातकुळीच्या, नाही म्हणण्यात मुरलेल्या. एकीनं तर बोलू दिलंच नाही. “नाही हो आजी, यादी भरलीये.”

“आजी म्हणाली मला!” ओदिल फोन आपटून म्हणाली. “एकसष्टाव्या वर्षी!”

“मग काय मादमोआझेल, कुमारी म्हणायचं?” जिल्बेर म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून त्यानं रेडिओ बंद केला.

औषधाच्या दुकानातल्या कॉरीननं जुन्या चिठ्ठीवर एक महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या दिल्या. “पुन्हा नाही देता येणार गं,” ती म्हणाली. “एकदाच मुभा आहे. कुणाकडून तरी लिहून आण.”

नोव्हेंबरात एका शुक्रवारी ती ससा घ्यायला रेमों खाटकाकडे गेली. रेमों म्हणजे डॉक्टरांचा पत्त्यांतला भिडू. ससा तोडता तोडता त्यानं विचारलं, “तू कधी जातेस मोंब्रेयला? मला मंगळवार दिलाय.”

“मोंब्रेयला काय आहे?”

“डॉक्टर ओब्रियो! आमचं सगळं टोळकं तिकडेच लागलंय. लासालनीच लावून दिलं.” त्यानं डोळा मारला. “आता माहीत नसल्यासारखं नको दाखवूस. यादी तूच केली असशील की!”

ती ससा न घेताच घरी आली.

ओब्रियोंच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी मारी-नोएल बसे. ते वर्षानुवर्षं नवे पेशंट घेत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे ओदिलनं तिला फोन केला नव्हता, तो आता केला. बावीस वर्षं दोघी फोनवर रोज बोलत आल्या होत्या, भेटल्या होत्या जेमतेम दोनदा. ओदिलचं बोलणं ऐकून तिनं आवाज खाली आणला.

“ओदिल, तुला खरंच ठाऊक नाही?”

“काय?”

“आमच्या डॉक्टरांनी साठ जण घ्यायचं कबूल केलं होतं. पण हलके. रक्तदाब, थायरॉईड असले. जड, म्हणजे दीर्घ आजारांचे पेशंट नकोत म्हणाले. मे महिन्यातच ठरलंय हे. लासालनी साठ फायली पाठवल्या. मला वाटलं, तू दुसरीकडे सोय केली असशील.”

मे महिना म्हटल्यावर ओदिलला सगळं आठवलं. मे महिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, “ओदिल, दीर्घ आजारांच्या फायली तेवढ्या वेगळ्या काढा.” ह्या लोकांची आधी सोय लावायची असणार, हे तिनं न विचारताच धरून घेतलं होतं. दोन दुपारी खपून तिनं त्रेचाळीस फायली निवडल्या. प्रत्येकीला चिठोरं लावलं, चालू औषध काय, ते संपतं कधी. चव्वेचाळिसावी फाइल तिची स्वतःची. सगळ्या एका खोक्यात भरल्या आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘यांचं आधी बघावं’.

त्या खोक्याचं काय झालं, हे विचारायला ती दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या घरी गेली. ते बागेत पानं गोळा करत होते.

“ओदिल! या, या. आत सूप ठेवलंय.”

“खोका कुठंय, डॉक्टर?”

त्यांनी कुठला खोका असं विचारलं नाही. “गॅरेजात आहे. कोरड्या जागी ठेवलाय.” दाताळं भिंतीला टेकवून ते म्हणाले, “ओब्रियोची अटच होती तशी. साठ तरी सुटले. नाहीतर एकही सुटला नसता.”

“साठांत रेमों आहे. वर्षातून एक सर्दी होते त्याला.”

“तुमचं मला वाटलं, तुम्ही या क्षेत्रातल्या. सगळ्यांची ओळख आहे. कुठंही शिराल.”

“निदान मला सांगायचं तरी होतंत.”

“सांगितलं असतं,” डॉक्टर म्हणाले, “तर तुम्ही फायली काढून दिल्या असत्या का?”

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. उलट थोडं हसून म्हटलं, जुन्या माणसाशी मोकळेपणानं बोलावं तसं.

ते आत जाऊन चिठ्ठ्यांचं जुनं पॅड घेऊन आले. निवृत्त झाल्यावरही घरच्यांपुरतं लिहायची मुभा असते. पॅड गुडघ्यावर धरून ते म्हणाले, “मेहुणी म्हणून लिहितो. तीन महिन्यांचं. फक्त कुठं बोलू नका. एकाला दिलं की फाटकाशी रांग लागेल, तुम्हाला मी सांगायला नको.”

चिठ्ठी फाडून त्यांच्या पानांच्या ढिगावर टाकावी, असं तिच्या मनात आलं. पण घरी डबीत चारच गोळ्या उरल्या होत्या. तिनं चिठ्ठी घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. आभार मानले नाहीत.

औषधाच्या दुकानात तिच्या मागे दोघं उभे होते. म्हातारा ल्युसियाँ, प्राणवायूची नळकांडी छोट्या गाड्यावर घेऊन, आणि विधवा मादाम पेरो, जिचं हृदय निम्मंच चालतं. दोघांच्या फायली ओदिलनं स्वतःच्या हातानं खोक्यात घातल्या होत्या.

कॉरीननं चिठ्ठी उलगडली. “अगं, मिळाला वाटतं डॉक्टर! कोण?” मग तिनं सही वाचली आणि चष्मा कपाळावर सारला. “लासाल? ते लिहितात अजून?”

मागची कुजबुज थांबली. जुनी चिठ्ठी आहे, सहा महिन्यांपूर्वीची, हे खोटं ओदिलच्या जिभेवर तयार होतं. असली खोटी वाक्यं तिला कधी शोधावी लागत नसत. ल्युसियाँच्या नळीतून हवा सूंसूं करत होती.

“लिहितात,” ती वळून म्हणाली. “घरीच असतात. साडेबाराला जेवायला बसतात, त्याच्या आत गाठा. पुढच्या दाराची घंटा ऐकू आली तरी ते उघडत नाहीत. मागून स्वयंपाकघराच्या दारानं जा. आणि तुमच्या फायली गॅरेजात आहेत, त्याही मागून घ्या.”

“आणि मी कोण म्हणून सांगू?” ल्युसियाँनं धापा टाकत विचारलं.

“मी पाठवलंय म्हणून सांगा.”

मादाम पेरोनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा व्हायचे होते. ती कोटाची बटणं लावू लागली.